पंख मध्ये येतो

एकतीस वर्षं लोकांना एकच सांगत आलो:
हनुवटी थोडी खाली. डोळे मिटू नका.
मठपती फोटो स्टुडिओ, बसस्टँडसमोर, लोहा.
एरवी निळा पडदा, पासपोर्टला पांढरा,
लग्न जमवायचं असेल तर धबधबा.

मुलानं नांदेडहून बंगळूरचं तिकीट काढलं.
म्हणाला, खिडकीची जागा घेतलीय, बाबा.
कॅमेरा पिशवीत होताच. जन्माची खोड.

विमान उठलं आणि पहिल्यांदाच
समोरचं कुणी केस नीट करत नव्हतं.

गोदावरी पडलेली, फेब्रुवारीतली,
अर्धी पाणी, अर्धी वाळू,
झोपेत पांघरूण सरकलेल्या बाईसारखी.
विमान वळलं तेव्हा वसमतच्या अंगाला
वाळत घातलेल्या हळदीचे चौकोन,
इतके पिवळे की मी एक्स्पोजर दोनदा तपासलं.
शेततळ्यांचं निळं प्लास्टिक.
वीटभट्टीचा धूर, आडवा.

वरून बांध दिसत नाहीत म्हणतात.
खोटंय. वरून बांधच तेवढे दिसतात.
आमच्या गल्लीतले दोन भाऊ बांधावरून कोर्टात गेलेत,
फोटोला दोघंही माझ्याकडेच येतात, वेगवेगळ्या दिवशी.
त्यांचा बांध कुठला ते कळलं नाही,
पण तशी एक रेघ दिसली, बाकदार, बाभळींची.
भांडावं अशीच होती.

काढत गेलो. त्र्याण्णव फोटो.

घरी येऊन संगणकावर उघडले आणि जीवच बसला.
काचेवर कुणाच्या तरी कपाळाचं तेल.
खालच्या बारीक भोकाभोवती बर्फाचे काटे.
पंख मध्ये येतो, दर दुसऱ्या फोटोत.
आणि ऊन आत आलं तिथं
नदीवर माझंच तोंड, विरळ, चष्म्यासकट.
गिऱ्हाइकाला असा फोटो दिला असता तर
त्यानं पैसे परत घेतले असते, वर चहा.
एकेक पुसायला घेतला.

"थांबा ना, काका."
आम्रपाली. बारावीला आहे,
दुपारनंतर माझं झेरॉक्स मशीन सांभाळते.
"हा नका पुसू. ह्यात तुम्ही नदीत बसलात."
स्टूल ओढलं तिनं. बर्फाच्या काट्यांवर बोट ठेवलं.
"आणि हे कुणी काढलं?"

ओठांवर आलं होतं:
फोकस गेलाय, क्षितिज तिरपं आहे,
एवढं कळायला मला चार वर्षं
गणपतमामांच्या चपराका लागल्या.

पंधराव्या वर्षी मी एका वरातीच्या
नुसत्या सावल्या काढल्या होत्या, अख्खा रोल.
बॅंडवाल्याची, घोड्याची, भिंतीवर चढलेली नवरदेवाची.
मामांनी रोल डबीसकट नालीत टाकला.
तेव्हापासून मी सावली पडूच दिली नाही,
दोन्ही बाजूंनी लाइट.

तर ओठांवरचं गिळलं.
जुना कॅमेरा कपाटातून काढला,
पट्टा तिच्या मापानं आखूड केला,
आणि पाण्याच्या टाकीवर चढायचं नाही, एवढंच बोललो.
(चढली. मला नंतर कळलं.)

ती आणते ते सगळं कशातून तरी काढलेलं असतं.
एसटीच्या तडकलेल्या काचेतून कंधारचा रस्ता.
रसवंतीच्या ग्लासातून आठवडी बाजार, उलटा.
आईच्या चाळणीतून आई.
मार्गशीर्षात माळेगावच्या जत्रेत
कुणाच्या तरी घोड्यावर बसून
त्याच्या दोन कानांमधून अख्खी जत्रा.
काही फोटो खरंच वाईट असतात.
तेही मी सांगत नाही. तिलाच आठ दिवसांनी दिसतं.

परवा एक पेन्शनर आले, पासपोर्टसाठी.
पांढरा पडदा सोडला. दोन्ही लाइट लावले.
मग एक बंद केला.

"गालावर सावली आली की हो," ते म्हणाले.
म्हटलं, हा तुमच्याजवळ असू द्या.
पासपोर्टचा आणखी एक काढू.